छोटं घर, मोठं आकाश: इटलीतल्या घरांची गोष्ट

घर छोटं असलं की आपण आधी काय बघतो? खोल्या किती बसतील! साधारण नव्वद वर्षांपूर्वी इटलीतले काही तरुण आर्किटेक्ट मात्र आणखी एक गोष्ट बघत होते: घरात ऊन, वारा आणि आकाश किती येईल?

सात जणांचा गट

१९२६ मध्ये मिलानमध्ये सात तरुण आर्किटेक्ट एकत्र आले. गटाचं नाव 'ग्रुप्पो सेत्ते', म्हणजेच 'सातांचा गट'. त्यांना घरावर नुसती शोभेची नक्षी नको होती. घराचा आकार त्याच्या वापरातून ठरावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९३० साली मोंझा इथल्या प्रदर्शनात या गटातल्या काही जणांनी 'विजेचं घर' उभारलं. त्याचं स्वयंपाकघर पिएरो बोत्तोनी या आर्किटेक्टने आखलं होतं. घरकामाचे कष्ट विजेच्या उपकरणांनी कमी व्हावेत, ही त्यामागची कल्पना. प्रदर्शन संपल्यावर ते घर पाडलं गेलं.

खांबांवरचं घर

गटातल्या लुइजी फिजिनी यांनी १९३४-३५ मध्ये मिलानच्या पत्रकार वसाहतीत स्वतःसाठी घर बांधलं. अख्खं घर बारीक काँक्रीट खांबांवर उचललेलं! आपल्या इमारतींखाली पार्किंग असतं, तशी खाली मोकळी जागा. पण इथे ती बागेसाठी. वर गच्च्या अशा, की चार भिंतींच्या खोलीचं फक्त छप्पर काढून घेतलंय. तिथे झाडं आणि पाण्याचं छोटं कुंड. खांब आणि गच्चीवरची बाग या कल्पना ल कोर्बुझिए यांच्या. हो, पुढे चंदीगडची आखणी करणारे तेच!

दुसरी बाजूही बघा

हा काळ मुसोलिनीच्या हुकूमशाहीचा होता. याच गटातल्या ज्युसेप्पे तेरान्यी यांनी कोमो शहरात फॅसिस्ट पक्षाचं कार्यालय बांधलं आणि लगेच सेवेझो गावात 'व्हिला बियांका' हे हवेशीर, मोठ्या गच्च्यांचं घरही. पुढे ते युद्धावर गेले. रशियाच्या आघाडीवरून खचून परतले आणि १९४३ मध्ये, वयाच्या अवघ्या ३९व्या वर्षी वारले. घरांच्या खिडक्या मोठ्या होत होत्या, तेव्हा देशात मोकळं बोलायची सोय उरली नव्हती. ही घरं बघताना हेही लक्षात ठेवायला हवं.

तुमच्यासाठी काय?

बाल्कनी बंद करून खोली वाढवायचा विचार करताय? मग आधी सकाळी थोडा वेळ तिथे बसून बघा. येणारं ऊन आणि दिसणारं आकाश हेही तुमच्या घराचाच भाग आहे.