बाटलीवरचे नाव, नळीतले प्रथिन

चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून तिची ने-आण प्रथिनांना करावी लागते. त्यांतले एक अपोलिपोप्रोटीन बी. यकृतात तयार होते ते बी-100, तब्बल 4,536 अमिनो आम्लांचे. आतड्यात जनुक तेच, पण आरएनएमधले एक अक्षर बदलते, तिथे थांबण्याची खूण उमटते आणि प्रथिनाचा सुरुवातीचा 48 टक्के भागच तयार होतो, तो बी-48. आता प्रयोगशाळेत प्रथिन ओळखायला अँटिबॉडी वापरतात; या प्रथिनाची सुरुवात पकडणारी अँटिबॉडी दोघांनाही दाखवेल आणि शेपूट पकडणारी फक्त बी-100 ला. बाटलीवर मात्र दोन्हीकडे ‘अँटी-अपोबी’ एवढेच ठळक छापलेले असते. रक्तात बी-48 अगदी थोडे असल्याने हृदयरोगाच्या नेहमीच्या तपासणीत यामुळे फारसे बिघडत नाही. आतड्याच्या पेशींवर काम करणाऱ्याचा निष्कर्ष मात्र पार उलटा होऊ शकतो. माझे म्हणणे इतकेच, की अँटिबॉडी विकत मिळते, तिच्यावरचा विश्वास विकत मिळत नाही. तो प्रत्येक प्रयोगशाळेने, प्रत्येक पद्धतीसाठी स्वतः कमवावा लागतो.

अँटिबॉडी अशी पारखून घेणे नागपूरला नवे नाही. बजाजनगरातल्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात क्षयाच्या मेंदूज्वरावर काम झाले. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात जंतू इतके विरळ असतात की सूक्ष्मदर्शकाखाली ते सहसा सापडत नाहीत, आणि कल्चरला आठवडे लागतात. तेवढा वेळ रुग्णाकडे नसतो. म्हणून तिथल्या संशोधकांनी जंतूऐवजी त्याचे ‘अँटिजन 85’ हे अँटिबॉडीने शोधायला घेतले. जंतूच्या चरबीदार भिंतीवर मायकोलिक आम्ल चढवणारी ही ए, बी, सी अशी तीन प्रथिने. तिन्हींत इतके साम्य, की एकासाठीची अँटिबॉडी दुसऱ्याला चिकटली तर नवल नाही. अशा कामाचे मोल मला क्षय नसलेल्या मेंदूविकाराच्या रुग्णांच्या पाण्यातल्या तुलनेत दिसते. तिथे खूण उमटली नाही, तरच क्षयाच्या रुग्णातल्या खुणेला अर्थ.

यावर कोणी म्हणेल, कंपनीने तपासूनच माल पाठवलेला असतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पडताळणीत मज्जासंस्थेशी निगडित 65 प्रथिनांसाठीच्या 614 अँटिबॉडी, ते प्रथिन बनवणाऱ्या आणि ज्यांतून त्याचे जनुकच काढून टाकले आहे अशा पेशींवर शेजारीशेजारी पाहिल्या गेल्या. ज्या अँटिबॉडीला आपले प्रथिन ओळखताच आले नाही, तिच्यावर बेतलेले शोधनिबंध प्रत्येक प्रथिनामागे सरासरी डझनभर निघाले. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. जनुक काढलेल्या पेशी महाग पडतात. पण अपोबीसाठी स्वस्त वाट आहे. यकृताच्या हेपजी-2 पेशी बी-100 बनवतात, आतड्याच्या काको-2 दोन्ही बनवू शकतात. प्रथिने वेगळी करणाऱ्या एकाच जेलवर दोन्ही चालवल्या की अँटिबॉडीने कुठला भाग पकडला ते कळते. मात्र पेशी वाढवताना घातलेल्या गायीच्या सीरममध्येही अपोबी असते. पेशी नीट धुतल्या नाहीत, तर माणसाचे म्हणून मोजलेले प्रथिन गायीचे निघायचे.

शिवाय एकदा पारखून भागत नाही. सशाच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीचा साठा, तो ससा मेला की संपतो. पुढचा लॉट दुसऱ्या सशाचा, म्हणजे वेगळा पदार्थ. त्यात मे महिन्यात 45 अंशांच्या नागपुरात पार्सलातला बर्फ किती टिकला, हे बाटली सांगत नाही. म्हणून नवा लॉट आला की जुन्या लॉटचे उरलेले चार थेंब संपवायचे नाहीत. दोन्ही एकाच दिवशी, एकाच नमुन्यावर लावायचे आणि लॉट क्रमांक वहीत लिहायचा.