भावाच्या लग्नात काय द्यावं?

लग्न ठरलं की ओळखीतली मुलं फोन करतात, "आंटी, भावाला काय देऊ?" चाळीस वर्षांहून जास्त मी एडमंटनमध्ये आहे, नर्स म्हणून इथेच रिटायर झाले. माझ्या हातून झालेली चूक आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न 1986 साली इथेच झालं. माझ्याकडे आईची सोन्याची साधी अंगठी होती. मी त्याला म्हटलं, "हुप्पाखाली हीच घाल, मग मला परत दे." आईची आठवणही राहील आणि अंगठीही माझ्याकडेच, असा माझा हिशोब! लग्नाआधी रब्बींनी भावाला विचारलं, "अंगठी तुझी आहे ना?" तो सरळ बोलून गेला, "ताईची आहे, लग्नापुरती."

रब्बींनी समजावलं की ते चालत नाही. किद्दूशीनची अंगठी नवऱ्याच्या मालकीची पाहिजे. जे त्याचं नाही ते तो वधूला देणार कसं? अंगठी बिनखड्याची असते त्याचं कारण वेगळं. खड्याच्या किमतीत फसगत होऊ शकते, साध्या सोन्याची किंमत सगळ्यांना कळते. म्हणजे मला अंगठी खरोखर द्यायची होती, परतीची अट न ठेवता. दोन नाइट ड्युट्या मी तोच विचार करत होते. शेवटी साक्षीदारांसमोर त्याच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "ही आता तुझी."

पण ठाण्याच्या मोठ्या बहिणीला मी विचारलंच नव्हतं. आई तिचीही होती. ती वर्षभर माझ्याशी तुटक बोलायची, आणि तिचं बरोबर होतं. म्हणून घरातली जुनी वस्तू द्यायची असेल तर आधी सगळ्या भावंडांना फोन करा. तिचा आकारही बघून घ्या. हुप्पाखाली अंगठी वधूच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर घालतात, आणि आईची बोटं बारीक होती! सोनाराकडे नेताना सोनं 22 कॅरेटचं आहे हे सांगावं लागलं, कारण इथल्या दुकानांत बहुतेक 10 आणि 14 कॅरेटचेच दागिने असतात.

केतुब्यावर भावंडाला साक्षीदार म्हणून सही करता येत नाही, नात्यातली माणसं चालत नाहीत. पण केतुबा सुंदर अक्षरात लिहून घेण्याचा आणि फ्रेमचा खर्च भावंडांनी वर्गणी काढून करावा. ही भेट मला सगळ्यात आवडते. ती भिंतीवर राहते, आणि कुणी किती घातले ते कुणाला दिसत नाही. तीन भावंडांत एकाचा पगार कमी असतोच.

पैसे द्यायचे तर इथले ज्यू लोक 18 च्या पटीत देतात, कारण हेत आणि योद या अक्षरांची बेरीज 18 होते आणि त्यांचा शब्द 'हाय', म्हणजे जीवन. आपण कोकणातले, 101 वाले. मी दोन पाकिटं करते, कुणाचंच मन मोडत नाही.

भारतातून मिक्सर पाठवू नका. तिकडची वीज 230 व्होल्टची, इथली 120 ची. वहिनीच्या माहेरून आलेला मिक्सर ट्रान्सफॉर्मरशिवाय धड फिरतच नव्हता, नारळ मी हातानेच किसला. पोस्टाने भेट पाठवली तर 60 कॅनडियन डॉलरपर्यंत ड्यूटी लागत नाही, त्यावरच्या रकमेवर लागू शकते.

वधू मुंबईहून थेट इथे येणार असेल तर चांगला पार्का आणि बूट द्या, पण माप विचारून. जानेवारीत इथे उणे 30 होतं. माझ्या वहिनीने पहिला हिवाळा माझ्या जुन्या कोटात काढला, बाह्या दोनदा दुमडून. अंगठी मात्र तिने त्या थंडीतही काढली नाही, हातमोज्याच्या आत असायची.