टक्क्यांपलीकडचा प्रामाणिकपणा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, ६० पर्यंत वर्षभर थांबायचे, त्यापुढे नोंदणीच रद्द. पण हे साम्य शोधणाऱ्या संगणकाला फक्त जुळणारे शब्द दिसतात. दुसऱ्याकडून पैसे देऊन नव्याने लिहून घेतलेला प्रबंध यातून आरामात सुटतो!

दर सत्रात जागृतीचे कार्यक्रम घ्या, संदर्भ कसे द्यायचे ते शिकवा, असेही हेच नियम सांगतात. चर्चा मात्र टक्क्यांचीच होते. एखादा उतारा घेऊन तो स्वतःच्या शब्दांत कसा मांडावा आणि श्रेय कुठे द्यावे, हे शिक्षकाने फळ्यावर करून दाखवले तर अर्धी नक्कल तिथेच थांबते, कारण पुष्कळ मुलांना हे कुणी शिकवलेलेच नसते.

बाकीची नक्कल थांबणे आपण काय काम देतो यावर अवलंबून. दरवर्षी तोच प्रकल्प दिला की सीनियरचे जर्नल उतरवले जाणारच. विषय आपल्या गावच्या बाजाराचा किंवा पाण्याचा द्यावा, कच्चा खर्डा मधेच मागावा आणि शेवटी पाच मिनिटे तोंडी विचारावे, ‘हा निष्कर्ष कसा काढलास?’