सेंट्रल पार्कच्या पोटातलं पाणी

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचं कौतुक निघालं की नावं येतात ती ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स यांची. १८५८ साली त्यांचाच आराखडा निवडला गेला. पण ८४३ एकरांच्या या बागेत झाडांनी मूळ धरलं यात जॉर्ज वेरिंगचाही मोठा वाटा आहे, आणि त्याचं नाव क्वचितच निघतं. १८५७ मध्ये निचऱ्याचं काम त्याच्याकडे आलं तेव्हा तो जेमतेम चोविशीत होता. त्याआधी त्याने शेती सांभाळली होती. ती शेतकऱ्याची नजरच इथे कामी आली.

मूळ जागा म्हणजे कातळ आणि मधे मधे दलदल. अशा चिबड रानात वरचं पाणी वाहून गेलं तरी मुळाशी साचलेलं हलत नाही. मुळं गुदमरतात, झाड पिवळं पडतं. म्हणून वेरिंगने पाणी खालून काढलं. तीन-चार फूट खोल चर, तळाशी भाजक्या मातीच्या आखूड नळ्या एकीपुढे एक, आणि सांधे मुद्दाम न लिंपलेले. माती भिजली की जास्तीचं पाणी त्या फटींतून नळीत झिरपतं, उताराने मोठ्या नळाला मिळतं आणि वर जमिनीला वाफसा येतो. उतार एका जागी जरी चुकला तरी तिथे गाळ बसतो आणि मागची सगळी ओळ तुंबते. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात क्षारपड जमिनीखाली आज छिद्रांचे पाइप पुरतात, त्यामागचं तत्त्व हेच.

पण नळी कितीही चांगली असली तरी पाणी तिच्यापर्यंत पोचवायचं असतं मातीने, आणि माती पायांखाली घट्ट होते. बागेतल्या ‘ग्रेट लॉन’ या मैदानाच्या जागी पूर्वी जलाशय होता. तो बुजवून १९३७ मध्ये हिरवळ केली. पुढे मोठमोठ्या मैफलींच्या गर्दीने तिची धूळमाती झाली, आणि १९९७ मध्ये माती आणि निचरा दोन्ही नव्याने करून ती पुन्हा उभी केली. तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये भर पावसात तिथे मोठा कार्यक्रम झाला, ओल्या जमिनीचा चिखल तुडवला गेला आणि मैदान पुढच्या वसंतापर्यंत बंद ठेवावं लागलं. माझ्या मते ती परवानगी द्यायलाच नको होती.

आता पाऊसही बदललाय. न्यूयॉर्कच्या गटारांचा हिशेब साधारणपणे तासाला पावणेदोन इंचांचा. १ सप्टेंबर २०२१ रोजी, आयडा वादळात, सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच, म्हणजे ८० मिलिमीटर पाऊस पडला. शहराच्या बऱ्याच भागात पावसाचं आणि सांडपाण्याचं गटार एकच आहे. ते भरलं की मैलापाणी सरळ नदीत जातं.

म्हणून जुन्या बागेत नुसते मोठे नळ टाकणं मला पटत नाही. बागेने पाणी जितकं लवकर बाहेर ढकलावं तितकं ते खालच्या वस्तीत लवकर साचतं. आधी जाळ्या आणि चेंबरमधला गाळ काढावा, मुळं शिरलेल्या आणि खचलेल्या नळ्या शोधून बदलाव्यात, घट्ट झालेली माती भुसभुशीत करावी, आणि रस्त्याकडेला खोलगट वाफे करून पाणी तिथे थोडा वेळ थोपवावं. ओल्या हिरवळीवर कुणाला पाऊल टाकू देऊ नये हाही त्याच कामाचा भाग. सेंट्रल पार्कमध्ये लाल झेंडा लावून हिरवळ बंद ठेवतात, ते याचसाठी.