घराचा रोजमेळ

बँकेच्या शाखेत दिवस संपताना एक क्षण असा येतो की सारे एकाच आकड्याची वाट पाहत असतात. रोखपालाने मोजलेली रोकड आणि वहीतील शिल्लक जुळली की तिजोरीला दोन किल्ल्या लागतात आणि माणसे घरी जातात. दहा रुपयांचा फरक राहिला तरी कोणी उठत नाही. आपल्या व्यापारी घरांना हे नवे नाही. पेढीवरचा रोजमेळ जुळल्याशिवाय दिवाबत्ती न करणारे आजोबा आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. परंतु त्याच पेढीच्या मागच्या घरात, मुलांशी झालेल्या दिवसभराच्या व्यवहाराचा मेळ किती घरांत लागत होता? प्रस्तुत लेख या प्रश्नातून लिहिला आहे, आणि त्याचा आरंभ माझ्याच न जुळलेल्या नोंदीपासून करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

मुलगा सहावीत असतानाची गोष्ट. पर्युषणाचे दिवस होते. कपाटातील पैशांत पाचशे रुपयांची एक नोट कमी भरली. आदल्या दिवशी मुलाने क्रिकेटच्या बॅटसाठी हट्ट धरला होता. एवढा पुरावा मला पुरेसा वाटला. कर्जाच्या अर्जावर सात कागद मागणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच्या मुलाकडे एकही कागद मागितला नाही. दोन थपडा दिल्या आणि खरे बोलेपर्यंत ताटावर बसायचे नाही, असे बजावले. तो रडत राहिला. तेवढ्यात सूर्यास्त झाला. आमच्या घरी चौविहाराचा नियम असल्याने तो तसाच उपाशी झोपला. तिसऱ्या दिवशी ती नोट माझ्याच बॅगेत, विजेच्या बिलाच्या घडीत सापडली.

संवत्सरीला मी नेहमीप्रमाणे नातेवाईक, ग्राहक, सहकारी अशा साठेक जणांना क्षमापनेची पोस्टकार्डे धाडली. सकाळी मुलाने वाकून नमस्कार केला आणि मला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. मी डोक्यावर हात ठेवून ‘सुखी राहा’ एवढेच बोललो. पुढच्या आठवड्यात त्याला बॅट आणून दिली. नोटेविषयी मात्र अवाक्षर काढले नाही.

एका सहकाऱ्याचा डबा आणि एक ग्रंथ

त्या वेळी शाखेत माझ्याबरोबर एक ख्रिस्ती सहकारी होते. मूळचे अहमदनगरकडचे, आताच्या अहिल्यानगरचे. रविवारी सहकुटुंब छावणीतील चर्चमध्ये जात. मधल्या सुट्टीत आम्ही डबा शेजारी बसून खात असू. माझ्यासाठी ते कांदा-लसूण नसलेली भाजी आणत. त्या नोटेची हकीकत मी त्यांना सांगितली ती काहीशी हसत, जणू शाखेतील एखादी गंमत सांगावी तशी. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मराठी बायबल आणले आणि संत पौलाच्या पत्रांतील दोन जागांवर कागदाच्या चिठ्ठ्या घालून माझ्या हाती दिले.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल मुलांना आईबापांची आज्ञा पाळण्यास सांगतो. हे तर प्रत्येक धर्मात आहे. परंतु लगेच तो बापांकडे वळतो आणि मुलांना चिडीस आणू नका, असे बजावतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात याचे कारणही दिले आहे: अशाने मुले खचून जातात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन जगात बापाचा मुलांवर जवळजवळ अमर्याद अधिकार होता. अशा काळी कर्तव्याची एक बाजू बापाच्या नावे टाकणे ही लहान गोष्ट नव्हती.

बायबलमध्ये याहून कठोर सूरही आहे, हे लपवण्याचे कारण नाही. नीतिसूत्रांत मुलाला वळण लावण्यासाठी छडीचा उल्लेख वारंवार येतो आणि कित्येक पिढ्यांनी त्याचा आधार घेऊन मुलांना झोडपले. माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे होते, की मेंढपाळाच्या हातातील काठी कळप वळवण्यासाठी असते. मेंढराची पाठ फोडण्यासाठी नव्हे. त्याच नीतिसूत्रांत खोट्या तराजूची निंदा आहे. आपले अस्तेय अणुव्रत आठवा. कमी-अधिक मापे वापरणे आणि मालात भेसळ करणे हे त्या व्रताचे अतिचार आहेत. दुकानात मुलाच्या डोळ्यांदेखत माप मारणाऱ्या बापाने घरी सत्यावर कितीही सांगितले, तरी मुलगा शिकतो ते मापच.

अपूर्ण बापांची घराणी

ग्रंथ पुढे वाचत गेलो तेव्हा एका गोष्टीचे नवल वाटले. बायबलातील थोर पुरुष बाप म्हणून फार वेळा चुकलेले आहेत आणि ग्रंथाने ते झाकलेले नाही. याकोबाला बारा मुलगे होते. त्यांपैकी योसेफावर त्याचे अधिक प्रेम होते आणि त्याने त्यालाच विशेष झगा करून दिला. त्या एका झग्यापायी भावांनी योसेफाला परदेशी व्यापाऱ्यांना विकले. याजक एलीचे दोन मुलगे देवाच्या अर्पणात हात घालत होते. एली त्यांना बोलला, पण त्याने त्यांना आवरले नाही आणि सारे घराणे बुडाले. दावीद राजाने मुलांतील वैर वेळीच मिटवले नाही. पुढे पोटचा अबशालोमच त्याच्यावर उठला. एकाने पक्षपात केला, दुसरा नको तेथे ढिला राहिला, तिसरा बोलायचे तेव्हा गप्प बसला. कर्जवसुलीच्या निमित्ताने मी मराठवाड्यातील अनेक पेढ्या आतून पाहिल्या. भावाभावांत फुटलेल्या पेढ्यांच्या मुळाशी बहुधा बाजारातील मंदी नसे. यांपैकीच एखादे कारण असे.

लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत तर व्यापारी घराण्याचाच वाटावा. धाकटा हयात बापाकडून वाटणी मागतो, परदेशी उधळतो आणि उपासमार होताच परततो. बाप दुरूनच त्याला पाहतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. हा भाग सर्वांना ठाऊक असतो. मला महत्त्वाचा वाटला तो पुढचा भाग. इमानाने शेतात राबणारा थोरला रुसून दाराबाहेर उभा राहतो आणि बाप त्याचीही समजूत काढायला बाहेर येतो. चुकलेल्या मुलाला क्षमा करताना, न चुकलेल्याच्या मनातील हिशेबही बापालाच पाहावा लागतो.

टिळक दांपत्याचे उदाहरण

माणसाची अपूर्णता आणि घर यांचा विचार मराठीत करायचा तर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांना टाळता येत नाही. 1861 मध्ये जन्मलेले टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले गेले. 1895 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला; संसार काही वर्षे दुभंगला. 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही स्वतःच्या विचाराने तो मार्ग धरला. अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी. मुलांवर जीव टाकणारा हा कवी संसारात मात्र तापट, लहरी आणि पैशाच्या बाबतीत अव्यवहारी होता. लक्ष्मीबाईंनी 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात हे सारे लिहिले आहे. आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने माहेरच्या घराचे काय झाले, तेही त्यांनी सांगितले आहे. मात्र त्यांच्या सांगण्यात कोठे विष नाही. माणसाचा दोष दोष म्हणून नोंदवायचा आणि माणूस मात्र खात्यातून वजा करायचा नाही, ही त्यांची रीत. हे पुस्तक मी सेवानिवृत्तीनंतर वाचले आणि प्रत्येक सुनेने व सासऱ्याने ते वाचावे असे मला वाटते.

आपल्या परंपरेत काय आहे

कोणी म्हणेल, आपल्या घरात एवढे धन असताना शेजाऱ्याच्या तिजोरीत कशाला डोकवावे? अनेकान्त मानणाऱ्याने अशी शंका घेऊ नये, हे एक उत्तर. दुसरे असे, की शेजाऱ्याच्या दिव्याने कधी कधी आपल्याच घराचा कोपरा दिसतो. मला तो तसा दिसला.

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत आपण सर्वांनी पाठ केले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे, अन्नपाणी तोडणे. जनावरे आणि नोकर यांच्या संदर्भात हे समजावले जाते, म्हणून मीही ते गोठ्यापुरतेच मानले होते. पण त्या सायंकाळी मी दुसरा आणि पाचवा अतिचार स्वतःच्या मुलावर केला होता आणि तोही पर्युषणात. चौथ्याविषयी आजच्या पालकांनी विचार करावा. नव्वद टक्के गुण, सीएची परीक्षा, वडिलांची पेढी, आजोबांचे नाव हे सारे एकाच पाठीवर लादताना आपण ओझे कधी मोजतो का?

दोन्ही परंपरांत मूलभूत भेद आहे, तो पुसून टाकणे योग्य नव्हे. ख्रिस्ती विचारात मनुष्य जात्याच पापाकडे झुकलेला आहे आणि तो तरतो ईश्वराच्या कृपेने. आपल्या विचारात आत्मा स्वभावतः शुद्ध आहे. कषायांमुळे त्यावर कर्माचा मळ चढतो आणि तो ज्याचा त्याने पुरुषार्थाने झाडायचा आहे. आपले कर्ज दुसरा कोणी फेडणार नाही. तथापि माणूस घसरतो, हे दोघेही मानतात. नीतिसूत्रांतील नीतिमान सात वेळा पडून उठतो. आपल्याकडे अकराव्या गुणस्थानावर पोहोचलेला साधकही दबलेला मोह उसळताच खाली येतो. मग पाचव्या गुणस्थानाच्या आसपास धडपडणाऱ्या आपण गृहस्थांनी, न चुकण्याचा आव मुलांपुढे कशासाठी आणावा?

श्वेतांबर आगमांपैकी उपासकदशांगात आनंद श्रावकाची कथा आहे. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ बारा कोटी सुवर्णमुद्रांचा धनी. चार कोटी तिजोरीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात. अंतकाळच्या साधनेत त्याला अवधिज्ञान झाले. गृहस्थाला एवढे विशाल अवधिज्ञान होत नाही, असे सांगून गौतमस्वामींनी त्याला प्रायश्चित्त घ्यायला सांगितले. आनंदाने नम्रपणे विचारले, की प्रायश्चित्त खऱ्यासाठी असते काय? गौतमस्वामी शंकित होऊन भगवान महावीरांकडे आले. भगवंतांनी निर्णय दिला, की चूक तुझी आहे. आनंदाची क्षमा माग. पहिले गणधर, चार ज्ञानांचे धारक, पण ते तसेच परतले आणि एका श्रावकाची त्यांनी क्षमा मागितली. यात गौतमस्वामींची उंची कमी झाली, असे आजवर कोणा श्रावकाला वाटलेले नाही. मग मुलाची क्षमा मागितल्याने बापाचा मान कसा जाईल?

आपल्या शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर वेरूळच्या जैन लेण्यांत, तीस ते चौतीस क्रमांकांच्या समूहात, वेलींनी वेढलेले बाहुबली उभे आहेत. मुलांना तेथे नेऊन आपण तपाचे माहात्म्य सांगतो. श्वेतांबर कथेतील पुढचा भागही सांगावा. वर्षभर उभे राहूनही ज्ञान अडले होते, कारण आपल्याआधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, हा सल मनात होता. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींनी येऊन हत्तीवरून खाली उतरायला सांगितले. त्यांनी पाऊल उचलले आणि तिथेच केवलज्ञान झाले. धाकट्यांपुढे वाकण्यासाठी उचललेले ते पाऊल होते.

दुरुस्तीची नोंद

बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत. खाडाखोड केलेली वही संशयास्पद ठरते. चूक आहे तशी ठेवून दुरुस्तीची वेगळी नोंद करतात, तारीख घालतात आणि खाली सही करतात. बॅट आणून देणे ही माझी खाडाखोड होती. दुरुस्तीची नोंद राहून गेली होती.

गेल्या पर्युषणात मुलगा सहकुटुंब घरी आला होता. अभ्यासावरून तो आपल्या मुलीवर विनाकारण ओरडला. थोड्या वेळाने तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, “बेटा, चूक माझी होती.” तीन शब्दांचे ते वाक्य मला जवळजवळ तीस वर्षे सापडले नव्हते. त्या रात्री प्रतिक्रमणानंतर मी त्याला गच्चीवर बोलावले आणि नोटेची गोष्ट काढली.

तो म्हणाला, “पप्पा, नोट सापडली हे मला त्याच दिवशी आईने सांगितले होते. तुम्ही कधी सांगता याची मी वाट पाहत होतो. मग सोडून दिले.”

मी हात जोडले. त्याने ते धरले आणि बराच वेळ कोणी बोलले नाही.

व्याजाचा हिशेब करण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून हे लिहितो आहे. ज्यांची मुले आज सहावी-सातवीत आहेत, त्यांनी तीस वर्षे थांबू नये. देवसी प्रतिक्रमण रोज सायंकाळी असते ते याचसाठी. ज्यांना पूर्ण विधी जमत नाही, त्यांनी दुकानाचा रोजमेळ मिटताना मुलांच्या नावाचे पानही क्षणभर उघडावे. येत्या संवत्सरीला, किंवा दिगंबर बांधवांनी दशलक्षणानंतरच्या क्षमावाणीला, संदेश सर्वांना जरूर धाडावेत. परंतु पहिला ‘मिच्छामि दुक्कडम्’ किंवा ‘उत्तम क्षमा’ घरातील सर्वांत लहान मुलाला, त्याच्या उंचीवर बसून आणि चुकीचे नाव घेऊन म्हणावा.