जीपचे इंजिन उतरवण्याआधी

तुमच्या गोठ्याशेजारच्या छपरात एखादी जुनी जीप उभी असेल, तर तिच्यावरून वर्षातून एकदा तरी घरात वाद होतोच. घरची मंडळी म्हणतात, विकून टाका. कारभारी म्हणतात, इंजिन बदलले की झाले. शेतकरी बंधुभगिनींनो, हे ‘की झाले’ फार महाग पडते. आमच्या घरी ते पडलेले आहे.

१९७३ च्या तेलटंचाईपासून पेट्रोलचे भाव चढत गेले आणि गावोगावच्या पेट्रोल जीपांना डिझेल इंजिने बसू लागली. आमच्या वडिलांनी १९८१ साली तेच केले. एका मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचे इंजिन स्वस्तात मिळाले. मिस्त्री म्हणाला, आठ दिवसांत गाडी दारात आणतो. लागले चार महिने.

इंजिन चांगले होते, खोटे का बोला? पण त्याचे तोंड जीपच्या गिअर बॉक्सला जुळेना. मग मध्ये बसवायला लेथवर एक जाड प्लेट करून घेतली. ती केसभर तिरकी झाली आणि दोन क्लच प्लेटी खाऊन गेली. डिझेल इंजिन वजनदार, त्याने पुढचे पाटे बसले. ते लांबही होते, म्हणून रेडिएटर पुढे सरकवला, तर पंखा लांब राहून चढावर पाणी उकळू लागले. बॅटरी मोठी घ्यावी लागली. वायपर तर कायमचेच बंद पडले, कारण पेट्रोल इंजिन हवा ओढते त्या ओढीवर ते चालत असत आणि डिझेल इंजिनात तशी ओढ नसते. ज्या गाडीचे ब्रेक या ओढीची मदत घेतात, तिथे तर वेगळा पंप बसवावाच लागतो. ते विसरले तर जिवाशी गाठ. थोडक्यात, नवरदेवाला लागले त्याहून जास्त पैसे वऱ्हाडाच्या मानपानाला लागले.

त्याच चार महिन्यांत थोरल्या बहिणीला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायची वेळ आली. जीप मिस्त्रीच्या अंगणात ठोकळ्यांवर उभी. रात्री बैलगाडी जुंपून फाट्यापर्यंत नेले आणि तिथे पहाटेच्या दुधाच्या गाडीची वाट पाहिली. बहीण व भाची दोघी सुखरूप आहेत, पण आईने तो विषय पुढे कितीतरी वर्षे सोडला नाही.

आणि एवढे करून गाडी पळेना. दोष मिस्त्रीचाही नव्हता, हिशेबाचा होता. तो हिशेब कोणी मांडलाच नव्हता.

तो असा. जुन्या जीपचे ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन सुमारे २.२ लिटरचे. ते मिनिटाला ४,००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्ती देई. मागच्या हौसिंगचा दातांचा हिशेब ५.३८, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. एका फेरीत चाक साधारण २.२ मीटर जाते. टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात. ४,००० ला ५.३८ ने भागा, २.२ ने गुणा, म्हणजे मिनिटाला सुमारे १,६३५ मीटर, अर्थात ताशी ९८ किलोमीटर. आता ट्रॅक्टरचे इंजिन २,००० फेऱ्यांच्या आसपासच थांबते. तोच हिशेब पुन्हा करा, उत्तर येते ताशी ४९. आमची जीप पन्नाशीला का टेकत नव्हती, हे वडिलांना सहा महिन्यांनी एका शाळामास्तरांनी वहीच्या पानावर समजावून सांगितले. मागचे दात ४.१ चे असते तर तीच गाडी ६४ ने गेली असती.

तुमच्या गाडीचा आकडा घरीच काढता येतो. जमीन सपाट हवी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा आणि मागचे एकच चाक जॅकवर उचला. चाकावर व शाफ्टवर खडूने खूण करा. उचललेले चाक पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि दुसऱ्या माणसाने शाफ्टच्या फेऱ्या मोजाव्या. तोच आकडा. जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली शिरू नये, बाजूनेच वाकून पाहावे.

गिअर बॉक्स बदलणारांनाही एक सांगणे आहे. नवा बॉक्स चार बोटे लांब असला तरी मागचा शाफ्ट तेवढाच आखूड करावा लागतो. जीपचा मागचा शाफ्ट आधीच आखूड. तो आणखी कापला की तिरकस बसतो आणि त्याचे क्रॉस लवकर झिजतात.

आता कायद्याकडे वळू, कारण वडिलांच्या वेळचा काळ राहिला नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. गॅस किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मंजूर संच बसवण्याला नियमांप्रमाणे वाट ठेवलेली आहे. तेव्हा पेट्रोलच्या जागी डिझेल हा बेत मनातून काढून टाका. त्याच जातीचे, त्याच इंधनाचे इंजिन बसवायचे असेल तरी आधी परिवहन कार्यालयात जाऊन परवानगीचे विचारा आणि नवा नंबर नोंदणीपत्रावर चढवून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण होते. तपासणीच्या दिवशी इंजिनावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर वेगळा निघाला, तर तिथे कोणाची ओळख कामी येत नाही.

जुने इंजिन विकत घेताना म्हणूनच पावती मागा, ते ज्या गाडीतले आहे तिचे कागद मागा आणि नंबर घासलेला वाटला तर तिथूनच परत या. चोरीचा माल स्वस्तच असतो.

माझे मत विचाराल तर आहे तेच इंजिन उघडून आधी बघा. बोअर करून पुढच्या मापाचे पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंगा एवढ्यावर पुष्कळ इंजिने उभी राहतात, आणि वर सांगितलेले एकही दुखणे मागे लागत नाही. बदलायचेच ठरले तर सुगी, लग्नसराई आणि घरातले बाळंतपण टाळून दिवस धरा. उतरवलेले नटबोल्ट निरनिराळ्या डब्यांत ठेवा, डब्यावर चिठ्ठी लावा. उतरवण्याआधी नळ्या-वायरींचे मोबाइलवर फोटो काढा.

आणि उतरवलेले इंजिन लगेच भंगारात देऊ नका. तेल घालून, तोंडे बंद करून, टायरवर ठेवून गोणपाटाने झाका. नवे एक हंगामभर नीट चालू द्या. आमच्या वडिलांनी जुने पहिल्याच आठवड्यात विकले होते. पुढे तसलेच शोधायला ते तीन बाजार फिरले.