शाळा आणि घर (भाग ७) : तुकडी बदलून मागावी का?

जूनच्या मध्याला शाळा उघडते, सूचनाफलकावर तुकड्यांच्या याद्या लागतात आणि त्याच दुपारी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला प्रश्न येतो : ‘अ’मध्ये कोण कोण? मागच्या भागात शाळा बदलण्याविषयी लिहिलं. आज शाळा तीच, बदलायची ती फक्त तुकडी.

‘अ’चा हट्ट उगाच आलेला नाही. अनेक शाळांनी वर्षानुवर्षं गुणांवरूनच तुकड्या पाडल्या. आता पुष्कळ मराठी शाळांत ‘अ’ म्हणजे सेमी इंग्रजी. तिकडे गेलं की मूल आपोआप पुढे जाईल, असं पालकांना वाटतं. पण मूल पुढे जातं ते तुकडीच्या अक्षरामुळे की शिक्षकांमुळे? रोझेन्थाल आणि जेकबसन या अमेरिकी संशोधकांनी १९६८ साली ‘पिग्मॅलियन इन द क्लासरूम’ हे पुस्तक काढलं. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना त्यांनी काही मुलांची नावं देऊन ‘ही यंदा चमकतील’ असं सांगितलं होतं. नावं निवडली होती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी. तरी वर्षअखेरीला पहिली-दुसरीतल्या त्या मुलांनी बुद्धिमापन चाचणीत इतरांपेक्षा जास्त मजल मारलेली दिसली. प्रयोगावर पुढे भरपूर टीका झाली आणि ती रास्तही होती. पण शिक्षक मुलाकडून काय अपेक्षा धरतात याला महत्त्व आहे, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. म्हणून ‘ब’चे वर्गशिक्षक जीव ओतून शिकवत असतील, तर केवळ अक्षरासाठी अर्ज करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली म्हणून? पहिल्या घटक चाचणीपर्यंत थांबा. डबा खायला नवी जोडीदारीण बहुधा तोवर मिळालेली असते. (आईबाबांची हळहळ मात्र दिवाळीपर्यंत चालते.)

सेमीचं गणित खरंच झेपत नसेल, तर उशीर नको. पुस्तकं बदलतात, ‘फ्रॅक्शन’चा पुन्हा ‘अपूर्णांक’ होतो. सहामाहीनंतर ही उलथापालथ मुलाला जड जाते. वर्गातलंच कुणी सतत छळत असेल आणि वर्गशिक्षकांना सांगूनही थांबत नसेल, तर तुकडी जरूर बदलून मागावी.

शिक्षक मारतात, अपमान करतात, ही तक्रार मात्र वेगळी. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. इथे तुकडी बदलून तुमचं मूल सुटेल, बाकीची त्याच वर्गात मार खात राहतील. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या. दाद लागली नाही तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. शासकीय आणि अनुदानित शाळांत या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

आता अर्जाविषयी. ‘पाल्याची तुकडी बदलून मिळावी, ही नम्र विनंती’ एवढ्यावर मुख्याध्यापक काय ठरवणार? एकाला दिली की उद्या दहा जण दारात, ही त्यांची धास्ती खरी असते. त्यापेक्षा घडतं ते लिहा : ‘मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरची दोन मुलं डबा हिसकावतात. सोमवारपासून तो उपाशी घरी येतो. वर्गशिक्षकांना दोनदा भेटलो.’ अशा अर्जावर कधी तुकडी बदलते, कधी नुसती बसायची जागा बदलून भागतं. काही झालं तरी अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवा आणि तिच्यावर शाळेचा शिक्का व तारीख घ्या.